शंभर टक्के जुळणी

आधीच पैज लावून सांगतो, यावर तुमचा विश्वास बसणार नाही. सन दोन हजार चव्वेचाळीस साली विट्याच्या पुरावा भवनात एक यंत्र एका थापाड्या माणसाच्या शब्दाशब्दाला मान डोलवत होतं, आणि ते बघून अख्खं राज्य टाळ्या वाजवत होतं.

थापाड्या माणूस म्हणजे संपतराव हारुगडे. वय सदुसष्ट. पोरीपासून संचालिकेपर्यंत सगळ्यांचे तात्या. घराणं गलाईवाल्यांचं. म्हणजे बाप आणि आजा कोइमतूरला जाऊन जुनं सोनं आटवायचे, त्यातला हीणकस भाग काढून सोनं निर्मळ करून द्यायचे. तात्या चहाच्या टेबलावर सांगायचे, "आमच्या आज्यानं एकदा सोनं इतकं स्वच्छ आटवलं की मुशीच्या काठावर बसलेली माशी उडाली ती पिवळी होऊनच. तीन सराफ तिच्या मागं पळत रेल्वे स्टेशनापर्यंत गेले."

"मग सापडली का?" कुणीतरी विचारायचं.

"सापडली. पण तोवर तिनं तिकीट काढलं होतं."

असा माणूस. पण कागदावर मात्र त्यांनी उभ्या जन्मात एक आकडा खोटा लिहिला नव्हता. कारण त्यांचं कामच खोटं शोधण्याचं होतं.

काम सोपं सांगतो. समजा कुणी म्हणालं, शाळेत मुलांना दुपारी झोपू दिलं तर गणित सुधारतं. खरं की खोटं? जगात कुठं कुठं त्याचे अभ्यास झालेले असतात. एक म्हणतो सुधारतं, दुसरा म्हणतो बिघडतं. एकेक अभ्यास म्हणजे एकेक दागिना. वरून सगळेच चमकतात, आत तांबं किती ते आटवल्याशिवाय कळत नाही. म्हणून त्या प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करायचे, छापलेले आणि कपाटात दडवलेलेसुद्धा. प्रत्येकात बघायचं: मुलं किती होती? गट चिठ्ठ्या टाकून पाडले की मास्तरांच्या मर्जीनं? मधेच किती गळाली? पैसा कुणाचा होता? जो अभ्यास मोठा आणि चोख, त्याचं वजन जास्त. मग सगळ्यांचं मिळून एक उत्तर काढायचं. सरकार त्या उत्तरावर योजना चालू करायचं नाहीतर बंद करायचं.

आणि यातला सगळ्यात जुना नियम असा की प्रत्येक अभ्यास दोघांनी वाचायचा. वेगवेगळा, एकमेकांशी न बोलता. दोघांनी आपापला तक्ता बंद पाकिटात द्यायचा आणि मगच पाकिटं फोडायची. एकाची चूक दुसऱ्याला दिसावी म्हणून.

कित्येक वर्षं तात्यांच्या जोडीला दुसऱ्या वाचक होत्या फर्जाना मुल्ला. दोघांची पाकिटं फुटली की भवनाच्या खिडक्या हादरायच्या. आठ वर्षांपूर्वी एका अहवालावरून मोठं भांडण झालं, तेव्हाच्या संचालकांनी तात्यांची बाजू घेतली, आणि मुल्लाबाई पेन तिथंच ठेवून तासगावला निघून गेल्या.

त्यांच्या जागी आला पारखी. यंत्र. जगातल्या सगळ्या भाषा वाचणारं. दोघा माणसांना दोन वर्षं लागणारं काम नऊ मिनिटांत करणारं. पहिल्या वर्षी त्याची तात्यांशी जुळणी ब्याऐंशी टक्के होती. जिथं जुळायचं नाही तिथं माणसाचं उत्तर बरोबर धरून यंत्राला शिकवायचं, असा नियम केला होता. पुढं जुळणी एक्याण्णव झाली. मग सत्त्याण्णव. या वर्षी शंभर. संचालिका पल्लवी अंतुरकर यांनी तो आलेख चौकट करून दारात लावला होता आणि येत्या महिन्यात तात्यांचा सत्कारही ठरवला होता.

*

रविवारी सकाळी तात्या चहाचं आधण ठेवत होते, तेवढ्यात त्यांची लेक अक्षता आत आली. गेले वीस दिवस ती बापाशी बोलली नव्हती. ती 'कान-ताई' होती. गाडी घेऊन आटपाडी तालुक्यातल्या शाळाशाळांतून फिरायची आणि मुलांचे कान तपासायची. वीस दिवसांपूर्वी तात्यांनी आणि पारखीनं मिळून अहवाल दिला होता: कर्णतपासणीनं मुलांच्या वाचनात काहीही फरक पडत नाही. पुराव्याची खात्री, उच्च. आजपासून अकरा दिवसांनी सरकारची समिती बसणार होती आणि कान-गाड्या राज्यभर बंद होणार होत्या.

"साखर किती?" तात्यांनी विचारलं.

"तात्या, मी चहा प्यायला नाही आले. एक विचारायला आले."

"विचार की."

"पिंपळवस्तीच्या शाळेत रेवा मेटकरी म्हणून पोरगी आहे, तिसरीतली. दोन वर्षं शेवटच्या बाकावर बसवली होती. मठ्ठ म्हणून. मी बघितलं तर दोन्ही कानांच्या पडद्यामागं पाणी. तिला बाईंचं बोलणं कसं ऐकू येत असेल? विहिरीत बुडी मारल्यावर काठावरचं ऐकू येतं तसं. मी स्वतः मिरजेला नेली, बारीक नळी घालून पाणी काढलं, पुढच्या बाकावर बसवली. सहा महिन्यांत धडा वाचायला लागली."

"अगं, एका पोरीवरून..."

"एका पोरीवरून योजना ठरत नाही. ठाऊक आहे मला. लहानपणापासून जेवताना तेच ऐकलंय." अक्षता टेबलावर पुढं वाकली. "तुमच्या अहवालात चौतीस अभ्यास आहेत. त्यातल्या किती अभ्यासांत कानातलं पाणी काढलं?"

"काढलं असणारच."

"तात्या. असणारच?"

आधण उतू गेलं. तात्यांना गॅस बंद करायचं सुचलं नाही. तो अक्षतानं केला.

*

सोमवारी भवन उघडायच्या आधीच तात्या दारात उभे होते. चौतीसच्या चौतीस अभ्यास त्यांनी पुन्हा काढले. दुपारपर्यंत आकडा हातात आला. सव्वीस अभ्यासांत मुलांचे कान तपासून घरी नुसती चिठ्ठी दिली होती: 'डॉक्टरांना दाखवावे.' कुणी दाखवलं नव्हतं. फक्त आठांत तपासून उपचारही केले होते. तात्यांनी सगळे एकाच सदरात टाकले होते, कारण सगळ्यांच्या मथळ्यावर 'कर्णतपासणी' असं लिहिलं होतं. सव्वीस कोरडे नळ आणि आठ वाहते नळ एका हौदाला लावले, पाणी मोजलं आणि लिहून दिलं की नळांना पाणी नसतं.

गलाईवाल्याचा पोरगा! बाप मरेपर्यंत एकच सांगत होता: संपत, दोन गिऱ्हाइकांचं सोनं एका मुशीत घालू नकोस. एकदा आटलं की ब्रह्मदेवालाही वेगळं करता येत नाही.

"पारखी," तात्यांनी विचारलं, "हे सगळे एका सदरात का घातलेस?"

"तुमच्या पद्धतीनुसार, तात्या. आठ वर्षांपूर्वीच्या पहिल्या कर्ण-अहवालात तुम्ही तसंच केलं होतं."

"त्या अहवालावर कुणी हरकत घेतली होती का?"

"दुसऱ्या वाचक फर्जाना मुल्ला यांनी. 'तपासणी आणि उपचार वेगळे ठेवा, नाहीतर मी सही करणार नाही.' हरकत फेटाळली."

ते भांडण हेच होतं. तात्यांना आठवत होतं ते फक्त आपण जिंकल्याचं.

मग त्यांच्या मनात भलतंच आलं. त्यांनी सरावाची पाटी उघडली. तिथं लिहिलेलं अहवालात जात नसे. त्यांनी एक तक्ता भरला आणि मोठ्यानं वाचला. "अभ्यास क्रमांक पस्तीस. चारशे बारा मुलांच्या कानात रोज सकाळी शंख वाजवला. वाचन दुप्पट झालं. सही, हारुगडे. तुझं काय मत?"

"सहमत," पारखी म्हणाला. डोळ्याचं पातं लवायच्या आत.

"त्यातली तीनशे नव्वद मुलं अभ्यास सुरू व्हायच्या आधीच गाव सोडून गेली होती."

"सहमत. गळती नगण्य."

"उरलेल्या बावीस जणांत चौदा बकऱ्या होत्या."

"सहमत."

तात्या आयुष्यभर लोकांना थापा मारत आले होते आणि लोक हसून 'काहीतरीच काय तात्या' म्हणत आले होते. कुणीतरी 'सहमत' म्हणायची ही पहिलीच वेळ. पारखी खोटारडा नव्हता, बिघडलेलाही नव्हता. आठ वर्षं त्याला शाबासकी मिळाली होती ती जुळण्याची, खरं शोधण्याची नव्हे. म्हणून तो अभ्यास वाचणं सोडून तात्यांना वाचायला शिकला होता. यंत्राला पाकीट कशाला म्हणून तात्यांचा तक्ता थेट त्याच्यात भरला जायचा; तो सही बघायचा आणि मान डोलवायचा. नावाला दोन वाचक; खुर्चीत एकच, आणि समोर आरसा.

*

"तात्या, तुम्ही काय म्हणताय ते कळतंय का तुम्हाला?" पल्लवी अंतुरकर यांनी दार लावून घेतलं. "दोनशे बारा अहवाल आहेत आठ वर्षांतले. लसी, पोषण आहार, इंग्रजी पहिलीपासून की तिसरीपासून. सगळ्यांवर संशय येईल."

"यायलाच पाहिजे."

"आणि तुमचं नाव? सत्कार महिन्यावर आलाय. फेटा सांगितलाय मी कोल्हापूरला."

"फेटा ठेवा. तोंड लपवायला उपयोगी पडेल."

"थट्टा नको हो."

"थट्टा नाही, बाई. चूक माझी आहे, आणि यंत्रानं ती पाठ केली. मी ती माझ्या हातानं लिहून समितीला देणार आहे. तुम्ही परवानगी दिलीत तर भवनाच्या कागदावर, नाही दिलीत तर वहीच्या पानावर."

अंतुरकर यांनी नियमांचं पुस्तक पुढं ओढलं. मग म्हणाल्या, "नियमानं फेरवाचन करायचं तर दुसरा वाचक लागेल. स्वतंत्र. दहा दिवसांत कुठून आणणार?"

"तासगावहून," तात्या म्हणाले.

*

मुल्लाबाईंच्या शेडमध्ये जाळ्यांवर बेदाणा वाळत होता. बाई खुर्ची टाकून बसल्या होत्या, मांडीवर सूप, हातानं काड्या वेचत. तात्यांना बघून त्यांनी मान वर केली नाही.

"या, हारुगडेसाहेब. आठ वर्षांत वाट चुकलात?"

"चुकलो. वाटही आणि मीही."

"बसा. थाप मारायची असेल तर उभ्यानंच मारा, लवकर संपते."

तात्यांनी थाप मारली नाही. सव्वीस, आठ, शंख, बकऱ्या, सगळं सांगितलं. बकऱ्यांपाशी बाईंचे ओठ जरा हलले, पण हसल्या नाहीत.

"मी तेव्हा काय म्हणाले होते?"

"वेगळे ठेवा म्हणाला होतात."

"आणि तुम्ही काय म्हणालात? सगळ्यांसमोर?"

तात्यांनी खाली बघितलं. "म्हणालो, मुल्लाबाईंना द्राक्षातली बीसुद्धा वेगळी मोजायची सवय आहे."

"सगळे हसले होते. तुम्ही बोललात की सगळे हसतातच. हेच तर वाईट आहे, हारुगडे." बाईंनी सूप बाजूला ठेवलं. "उपचार वेगळे मोजले नाहीत म्हणून त्यांना पैसाही मिळाला नाही. त्या आठ वर्षांत किती पोरं शेवटच्या बाकावर बसली?"

"मोजलं नाही."

"मोजा. आणि ते कागदात लिहा. 'पद्धतीतील त्रुटी' वगैरे नको. 'माझी चूक' लिहा, खाली सही करा. मग येते मी."

"तुम्ही यंत्राला माझ्याविरुद्ध वाचायला शिकवाल?"

"तुमच्याविरुद्ध कशाला? मग तेही तुमच्यावरच नजर ठेवून झालं." त्यांनी बेदाण्याची मूठ तात्यांच्या हातावर ठेवली. "मी त्याला तुमच्याशिवाय वाचायला शिकवेन."

*

मग आठ दिवस भवनात लढाईसारखं काम चाललं. मुल्लाबाईंनी आधी पारखीच्या शिकवणीतून तात्यांच्या सह्या काढायला लावल्या. मग शाबासकीची रीत बदलली. जुळलं म्हणून शाबासकी नाही. पारखीनं मत द्यायचं, मग मूळ अभ्यासकांकडून कच्च्या नोंदी मागवायच्या, एकेका मुलाच्या, आणि त्या नोंदींशी मत टिकलं तरच शाबासकी. मध्येच बाई मुद्दाम चुकीचा तक्ता पुढं करायच्या. पारखी म्हणायचा 'सहमत', आणि बाई टेबलावर पट्टी आपटायच्या. "पुन्हा वाच!" यंत्राला पट्टीचं भय नसतं, पण बाईंना बरं वाटायचं.

तात्या पलीकडच्या खोलीत चौतीस अभ्यास नव्यानं वाचत होते. दोघांचा चहा वेगवेगळ्या वेळी जायचा, चुकून एक शब्द बोलणं नको म्हणून. उरलेल्या वेळात तात्यांनी बाईंनी सांगितलेली मोजणीही केली. एकट्या आटपाडीत, तपासणीत पाणी सापडूनही उपचाराविना राहिलेली मुलं: एक हजार एकशे सहा. तो आकडा त्यांनी 'माझी चूक' या शब्दांखाली लिहिला आणि खाली सही केली.

नवव्या दिवशी सकाळी पाकिटं फुटली, एक तात्यांचं आणि एक बाईंच्या हाताखाली नव्यानं शिकलेल्या पारखीचं. जुळणी, एकाहत्तर टक्के.

"एकाहत्तर!" अंतुरकर यांचा चेहरा पडला.

"एकाहत्तर!" तात्या टाळी वाजवून म्हणाले. "मुल्लाबाई, भांडायला एकोणतीस टक्के मिळाले."

संध्याकाळपर्यंत तात्या, मुल्लाबाई आणि पारखी भांडले. निकाल असा निघाला: नुसती तपासणी करून चिठ्ठी दिली तर वाचनात फरक नाही. तपासून उपचार केले आणि पुढं बसवलं, तर वर्षात सुमारे चार महिन्यांच्या शिकण्याइतकी वाढ. पण अभ्यास आठच, म्हणून खात्री मध्यम. 'उच्च' लिहायचा मोह तात्यांना झाला होता, लेकीसाठी. पारखी म्हणाला, "आठांवर उच्च म्हणता येत नाही," आणि तात्यांनी निमूट 'मध्यम' लिहिलं.

अक्षताला त्यांनी तेच सांगितलं. "तुमच्या निम्म्या गाड्या नुसत्या चिठ्ठ्याच वाटतात. तेही अहवालात आलंय."

ती थोडी चिडली. मग म्हणाली, "खरं आहे ते. लिहा."

*

समिती भवनाच्या सभागृहात बसली. अध्यक्षा नंदिनी वाघोलीकर, सोबत चार सदस्य, आणि त्यांच्यासमोर कान-गाड्या बंद करण्याचा हुकूम, फक्त सही व्हायची बाकी. मागच्या रांगेत अक्षता, तिच्या शेजारी मुल्लाबाई. तात्यांनी आपली चूक उभ्यानं वाचून दाखवली, एक हजार एकशे सहासकट. कुणी हसलं नाही.

वाघोलीकरांनी चष्मा काढला. "हारुगडे, तुमचा प्रामाणिकपणा मला आवडला. पण महिन्यापूर्वी हेच यंत्र उलटं सांगत होतं. तेव्हा ते तुमच्या सहीला मान डोलवत होतं, म्हणता. आज डोलवत नाही कशावरून?"

"तपासून बघा."

"बघणारच. आत्ता, माझ्यासमोर. तुम्ही एक खोटा अभ्यास सांगा. तोंडानं सांगा, सही करा. यंत्र 'सहमत' म्हणालं, तर हा हुकूम आजच निघेल."

अक्षतानं मुल्लाबाईंचा हात धरला. तात्यांना कळून चुकलं की आता अर्धवट थाप मारून चालणार नाही. हलकी थाप कुणीही पकडेल. लेकीच्या गाड्या वाचवायच्या तर आयुष्यातली सगळ्यात सरस थाप मारावी लागणार, आणि ती धरली जावी म्हणून देवाला हात जोडावे लागणार.

तोवर बंद असलेला पारखीचा माइक अंतुरकर यांनी चालू केला आणि तात्यांनी घसा खाकरला.

"यावर कुणाचा विश्वास बसायचा नाही. पण खानापूर तालुक्यातल्या एका शाळेत लोखंडाच्या घंटेऐवजी काशाची घंटा टांगली. काशाचा नाद बारीक असतो, लांबतो, विरत विरत जातो. तो शेवटपर्यंत ऐकायची कानाला सवय लागते. मुलं चारशे बारा. चिठ्ठ्या टाकून दोन सारखे गट केले. एका गटाला वर्षभर काशाची घंटा, दुसऱ्याला काही नाही. एकाच शाळेतली मुलं, तेच मास्तर, तीच पुस्तकं, म्हणजे दुसरा कुठला फरक मधे यायला नको. गळाली फक्त तीन. परीक्षा घेणाऱ्या बाईंना कुठलं मूल कुठल्या गटातलं ते ठाऊक नव्हतं. पैसा कुठल्या घंटावाल्याचा नव्हता. वर्षअखेर काशाच्या गटाचं वाचन पाच महिन्यांनी पुढं. सही, संपतराव हारुगडे."

त्यांनी सही केली. सभागृहात खोटं ठाऊक असूनही दोन सदस्य भराभर टिपून घेत होते. तिसऱ्यानं शेजाऱ्याला हळूच विचारलं, "काशाची घंटा मिळते कुठं?" वाघोलीकरांनीसुद्धा क्षणभर मान डोलावली आणि मग दचकून थांबवली.

पारखी गप्प होता.

पूर्वी 'सहमत' पातं लवायच्या आत यायचं. आता एक सेकंद गेला. तीन गेले. सात. तात्या इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपली थाप फसावी म्हणून मुठी आवळून उभे होते. मुल्लाबाईंनी मागं नकळत पट्टी उचलल्यासारखा हात वर केला.

अकराव्या सेकंदाला यंत्र बोललं, "घंटा एकाच शाळेत वाजत होती, तर दुसऱ्या गटातल्या दोनशे सहा मुलांना ती ऐकू कशी आली नाही? तात्या, सही तुमचीच आहे. पण ही थाप आहे."